अण्णांचं टपाल

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, रिकाम्या गाडीतसुद्धा उभ्यानेच प्रवास करायचे. चौलहून अलिबागला जाणारी एसटी असो, नाहीतर माझ्या माहेरी पेणला जाणारी. सगळ्या सीटा मोकळ्या असल्या तरी अण्णा दाराजवळचा दांडा धरून उभे. कंडक्टर सगळे ओळखीचे. ते आग्रह करायचे, "अण्णा, टेका की जरा." त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "बसलेला माणूस उतरायला वेळ लावतो." उतरून त्यांना असं कुठलं राज्य चालवायचं असायचं, ते मला लग्नानंतर बरेच दिवस कळलं नव्हतं. उतरून ते बहुतेक वेळा परतीच्या गाडीची चौकशी करत.

सगळी नोकरी त्यांनी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीत काढली. निवृत्त झाले, खिडकी सुटली, पण स्टँड काही अंगातून गेला नाही. घरात चहाला उकळी फुटायच्या आत ते कपबशी घेऊन उभे. पाहुणा नुसतं "निघू का" म्हणाला की त्याच्या चपला दाराकडे तोंड करून लावलेल्या. त्यात अनादर अजिबात नसायचा. माणसाची गाडी चुकू नये एवढीच तळमळ. पण ते पाहुण्यांना कसं कळावं? माझी मावशी पहिल्यांदा चौलला आली, ती चहा अर्धा टाकून निघून गेली आणि पेणला जाऊन तिने सांगितलं की मुलीचं सासर बरं आहे, पण सासरा हाकलतो.

माझ्याशी ते थेट बोलत नसत. मी अलिबागच्या कोर्टात वकिली करते. दिवसभर अनोळखी माणसांशी भांडायचं हाच माझा धंदा. पण घरात हा एक माणूस माझ्याशी जे काही बोलायचं ते सासूबाईंच्या मार्फत. मी समोर उभी असले तरी, "तिला सांग, गाडी नाक्यावर आली असेल." मग आईंनी माझ्याकडे बघायचं, मी आईंना सांगायचं, "त्यांना सांगा, मी तयार आहे," आणि अण्णांनी मान हलवायची. भांडण नव्हतं, राग नव्हता. सुनेशी सासऱ्याने असंच वागायचं असतं, अशी त्यांची समजूत होती आणि ती कुणी कधी हलवली नव्हती.

ती हलवली माझ्या मुलीने, आणि तीही जगात यायच्या वेळेच्या पुष्कळ आधी येऊन. सातवा सरता सरता माझा रक्तदाब इतका वाढला की अलिबागला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. बाळ ओंजळीत मावेल एवढं. तिला लहान मुलांच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं आणि मला काही दिवसांनी चौलला घरी पाठवलं. माझे टाके चिघळले होते, रक्तदाब उतरत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, रस्त्याचे धक्के सध्या बंद. नागाव, आक्षी करत अलिबागला जाणारा आमचा रस्ता ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नवरा मुंबईला नोकरीला. रजा संपेपर्यंत थांबला, मग रेवसच्या लाँचने गेला आणि दर शनिवारी येत राहिला.

निघताना लहान मुलांच्या डॉक्टरांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "तिला आत्ता सगळ्या औषधांपेक्षा तुमचं दूध हवंय. नळीने देऊ आम्ही. थेंब का होईना, पण पाठवत राहा. आणि मशीन लावत राहा, नाहीतर आटेल." म्हणजे बाळ तिकडे, छाती इकडे आणि मध्ये तो रस्ता. मुलीसाठी मला करता येण्यासारखं जगात तेवढंच एक काम उरलं होतं आणि तेही मला जमत नव्हतं. नवऱ्याने आणलेलं विजेचं मशीन दर दोन-तीन तासांनी छातीला लावून मी बसायची. ते घुर्र घुर्र करत ओढायचं आणि बाटलीच्या बुडाशी जे जमायचं ते चमच्यात ओतलं तर चमचा भरेलच असं नाही. पिवळसर, घट्ट. आई म्हणायच्या, "हेच सोनं गं." मला त्या सोन्याकडे बघून रडू यायचं.

ते न्यायचं कुणी? आईंचे गुडघे गेलेले. मी एका रिक्षावाल्याचं नाव काढलं. ओट्यावरून अण्णांचा आवाज आला, "तिला सांग, टपाल माझ्याकडे."

दूध हा शब्द त्यांच्याच्याने उच्चारवेना. गाईचं, म्हशीचं, पिशवीचं असतं तर शंभरदा म्हणाले असते. हे सुनेचं. म्हणून ते टपाल झालं. निळ्या रंगाची एक बर्फाची पेटी त्यांनी आणली. तिच्यात बर्फाच्या थैल्या, मध्ये हॉस्पिटलने उकळून, झाकणं लावून दिलेल्या छोट्या बाटल्या. ती पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून अण्णा एसटीत उभे राहायचे. आता दांडाही धरता यायचा नाही, तरी बसायचे नाहीत. कंडक्टरने विचारलं, "काय इंजेक्शनं का अण्णा?" तर "टपाल" एवढंच. एसटी वेळेवर नसली तर मिनिडोर रिक्षा, तीही नसली तर कुणाच्याही मोटारसायकलवर मागे. पोचले की घरी फोन यायचा. आईंनी उचलला की पलीकडून एकच शब्द, "पोचलं", आणि फोन बंद. तो शब्द येईपर्यंत मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायची. टाक्यांना धरून, वाकून, पण फेऱ्या मारायची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अण्णांना जन्मभर काय होत असेल.

दुसरी अडचण मशीनच्या आवाजाची होती. आमचं घर लहान, भिंतींपलीकडे सगळं ऐकू जायचं. घुर्र सुरू झालं की अण्णांना कुठे तोंड लपवू असं व्हायचं. एक-दोन दिवस ते नाक्यापर्यंत जाऊन येत राहिले. मग त्यांनी युक्ती काढली. माझ्या खोलीचं दार लागलं की ते नारळाच्या वाडीत जायचे आणि विहिरीवरची मोटर चालू करायचे. त्या मोटरच्या धडधडीत माझं मशीन बुडून जायचं. दार उघडलं की मोटर बंद. त्या हंगामात आमच्या नारळी-पोफळींना इतकं पाणी मिळालं की खोडांभोवतीची आळी सुकायचं नाव घेईनात. शेजारच्या कमळाकाकी कुंपणावरून म्हणाल्या, "अण्णा, झाडांना पोहायला शिकवताय काय?" अण्णांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "यंदा ऊन फार आहे." तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं.

दूध वाढावं म्हणून सगळं गाव सल्ले देत होतं. आई अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी असं एकामागून एक पुढे करायच्या. कमळाकाकी सांगायच्या की बाटली झाकून ने, दृष्ट लागते. सांडलेल्या दुधाला मुंगी लागू देऊ नको, आटतं. आणि मोरी खा. मोरी म्हणजे लहान मुशी. तिचं कालवण बाळंतिणीला दिलं की दूध उतरतं, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मासळी आणायचं काम अण्णांचंच. ते रेवदंड्याच्या बाजारात गेले आणि कोळणीला हळूच म्हणाले, मोरी आहे का. ती बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "हाय ना! बालंतीन हाय का घरान? सुनेला दूध न्हाय का येत?" साऱ्या बाजाराने माना वळवल्या. अण्णा मोरी न घेता, बोंबील घेऊन घरी आले. मग आईंनी त्यांना परत पाठवलं, आणि ते गेले. दुसऱ्यांदा जाऊन, त्याच बाईसमोर उभे राहून, तीच मोरी त्यांनी आणली. ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. त्या दिवशी मी फक्त कालवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले.

दूध हळूहळू वाढलं. बुडाची रेघ वर सरकू लागली. फोनवर सिस्टर सांगायची की बाळ पचवतंय, अंगाला लागतंय. मला वाटायला लागलं, जमलं. आणि तेवढ्यात बाळाचं पोट फुगलं.

इतक्या लहान बाळांचं असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दूध बंद, नुसतं सलाईन. पोट उतरेपर्यंत काही द्यायचं नाही. "पण तुम्ही मशीन थांबवू नका," ते फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा होता, आणि त्या नेहमीच्या आवाजानेच मी घाबरले.

त्या दुपारी अण्णा अलिबागहून परत आले ते ओट्यावर थांबले नाहीत. पेटी खाली ठेवली आणि थेट माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. त्या उंबऱ्यापाशी ते कधी आले नव्हते. आई मागे होत्या, पण त्यांनी आईंकडे बघितलं नाही.

"सूनबाई, ऐक," ते म्हणाले. लग्नानंतर माझ्याशी थेट बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. "दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मी सांगतो. एका बाटलीत आज मुंगी निघाली. सिस्टरने विचारलं, मुंगी आली कुठून. मुंगी साखरेला आली. साखर मी घालत होतो."

मला आधी अर्थच लागेना. मग हळूहळू लागला. हॉस्पिटल रोज उकळलेल्या रिकाम्या बाटल्या परत द्यायचं, त्या घरी आणायच्या, मी भरायच्या. अण्णांना रिकामी बाटली घरी आणवेना. दुधाचं भांडं रिकामं कसं न्यायचं? कुणाच्या घरून कालवणाचं पातेलं आलं तर आपण ते रिकामं धाडतो का? चिमूटभर साखर तरी घालतोच. म्हणून ते हॉस्पिटलच्या पायरीवर थांबून, नळावर स्वच्छ हात धुऊन, झाकणं उघडून प्रत्येक बाटलीत साखरेचे दाणे टाकायचे. खिशात कागदाची पुडी असायची. दाणे इतके थोडे की मी ओततेवेळी माझ्या कधी लक्षातही आले नाहीत.

मी वकील आहे. कुणाला कुठे लागेल ते मला नेमकं कळतं, आणि त्या दिवशी मी ते सगळं वापरलं. "अण्णा, ते टपाल नाही," मी ओरडले, "दूध आहे ते! माझं दूध! तोंडाने म्हणा तरी एकदा. ज्याचं नाव घ्यायची लाज वाटते, त्यात साखर घालायला बरा हात गेला?"

आई म्हणाल्या, "अगं, हळू."

अण्णांनी त्यांना हाताने थांबवलं. "दूध," ते म्हणाले. "तुझं दूध. मी त्यात साखर घातली." आणि तिथेच उभे राहिले. जायला सांगेपर्यंत गेले नाहीत.

मी बोलले ते आजही परत घेणार नाही. माझी मुलगी तिकडे पोट फुगून पडली होती. ते बोलायलाच हवं होतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, साखरेनेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही आणि नाही झालं असंही सांगता येणार नाही. हे उत्तर फार वाईट. त्याने ना अण्णा सुटले, ना अडकले.

संध्याकाळी आई माझ्याशेजारी येऊन बसल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती," त्या म्हणाल्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नीट ठाऊक नसावं. "मला दूध उतरलंच नाही. शेजारून गाईच्या दुधाचा तांब्या यायचा. हे रोज तो घासून, साखर घालून परत नेऊन द्यायचे. ती गेली त्या दिवशी तेवढा तांब्या रिकामा गेला. कुणाला सुचणार होतं? पण ह्यांच्या डोक्यात तेच बसलं." त्या एवढं बोलून उठल्या आणि दिवा लावायला गेल्या. मला त्यांच्यावर राग आला. मला अण्णांवर रागवायचं होतं आणि त्यांनी ते अवघड करून ठेवलं.

पुढचे दिवस मला नीट आठवतही नाहीत. आठवते ती नुसती घालमेल. बाळाचं दूध बंद, म्हणजे पाठवायचं काही नाही. निघेल ते बर्फात साठवून ठेवायचं. अण्णांना काम उरलं नाही. तरी ते सकाळी निघायचे, हात हलवत, आणि हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहायचे. फोन यायचा. "पोचलं" म्हणायची सोय नव्हती, म्हणून म्हणायचे, "तशीच आहे." दिवसातून पुन्हा, "तशीच आहे." ते घरी नसल्यामुळे विहिरीवरची मोटर बंद होती, आणि दिवसभर मला माझ्या मशीनचा आवाज ऐकू यायला लागला. कोरडा आवाज. बाटलीत रेघसुद्धा दिसेना. जितकी मी बाटलीकडे बघायची तितकं ते आत आत जायचं. खीर झाली, लाडू झाले, मोरी झाली. मी अर्धा अर्धा तास बसून राहायची आणि मशीन बंद करून ते भिंतीवर फेकावंसं वाटायचं. बाळाचं पोट उतरलं आणि डॉक्टरांनी दूध मागितलं, तर साठवलेलं किती पुरणार? पुढे मी काय देणार होते?

अण्णांना हे आईंकडून कळलं असणार. त्यांनी काय केलं ते मला सिस्टरने नंतर सांगितलं. ही सिस्टर पोयनाडकडच्या एका शेतकरी घरातली, कामाला चोख आणि बोलायला मोकळी. तिच्या टेबलासमोर जाऊन अण्णा सगळ्या नातेवाइकांच्या देखत म्हणाले, "माझ्या सुनेला दूध येत नाहीये. काय करू?" सिस्टर म्हणाली, "काका, एवढ्यांदी बोललात की बाहेरच्या रिक्षावाल्यांना पन कलला असंल."

त्या दिवशी अण्णा आले ते पेटी घेऊन. कधी घेऊन गेले होते ते मी बघितलंही नव्हतं. त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली. "सिस्टरने टोपी दिलीय. बाळाच्या डोक्यावरची," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "धुवायची नाही. मशीन लावताना हुंगायची. बाळ नाही तर बाळाचा वास तरी, म्हणाली." आणि मी काही बोलायच्या आत ते वाडीकडे चालते झाले. थोड्याच वेळात मोटर सुरू झाली.

पेटीत, पिशवीत बांधलेली, लिंबाएवढ्या डोक्याची टोपी. मी ती नाकाशी धरली. आधी नुसता स्पिरिटचा वास. मग त्याच्या खालून काहीतरी आंबूस, कोमट. ऑपरेशननंतर बाळाला क्षणभर माझ्या गालाला लावलं होतं तेव्हा आलेला. माझ्या छातीत कळ गेली, अंग शहारलं आणि बाटलीत टपटप सुरू झालं. मी टोपी तोंडावर धरून रडत होते आणि दूध येत होतं. बाहेर मोटर धडधडत होती. त्या दिवशी मला तो आवाज फार बरा वाटला.

मग रोजचा परिपाठच झाला. बाळाचं पोट उतरलं, दूध पुन्हा सुरू झालं, टपाल पुन्हा सुरू झालं. जाताना भरलेल्या बाटल्या, येताना झाकण न उघडलेल्या रिकाम्या बाटल्या, आणि त्यांच्याशेजारी वेगळ्या पिशवीत कधी टोपी, कधी दुपटं, कधी एक मोजा. एकदा सिस्टरकडे देण्यासारखं काही नव्हतं. तर अण्णा तिच्याशी वाद घालत उभे राहिले की काहीतरी दे, मी असा जाणार नाही. शेवटी तिने बाळाखालच्या कापडाचा तुकडा कापून दिला.

माझे टाके भरले आणि मला अलिबागला जायची परवानगी मिळाली, तेव्हा अण्णा बरोबर होते. मला त्यांनी सीटवर बसवलं, स्वतः दाराशी. काचेच्या दारापाशी सिस्टर मला म्हणाली, "ताई, काका रोज येतात, पन एकदा डोकावले न्हाईत. मी बोलले, काका, काचेतून दाखवते, तं बोलतात नको." मी अण्णांकडे वळून विचारलं, का हो? ते गडबडले. आईही जवळ नव्हत्या, निरोप सांगायला कुणीच नव्हतं. "तू पोटभर बघितलं नव्हतंस," ते म्हणाले. "तुझ्या आधी मी कसा बघू?"

मी त्यांचा हात धरून त्यांना काचेपाशी नेलं. सुनेने सासऱ्याचा हात धरायचा नसतो, हे मलाही माहीत आहे.

मुलीचं नाव जुई ठेवलं. ती घरी आली तेव्हाही ताबडतोब सगळं सुरळीत झालं नाही. तिला नळीची आणि वाटीची सवय. छातीशी घेतलं की तोंड फिरवायची, लाल होऊन किंचाळायची. घामाघूम होऊन मी पुन्हा मशीनकडे वळायची. अण्णा अंगणात इकडून तिकडे. मध्येच ओट्यापाशी येऊन आईंना विचारायचे, "घेतलं का?" आई मान हलवायच्या. पुन्हा अंगण. असे काही दिवस गेले आणि एका सकाळी, मी कंटाळून नुसतीच तिला छातीवर घेऊन पडले असताना, तिने आपली आपण शोधून घट्ट धरलं. चुरुचुरु आवाज यायला लागला. आई दारातून ओरडल्या, "अहो, घेतलं!" अण्णा वाडीत गेले आणि मशीनबिशीन काही चालू नसताना त्यांनी मोटर लावली.

त्यानंतर माणसाने जरा टेकावं की नाही? पण नागावातल्या एका बाईचं बाळ त्याच हॉस्पिटलात होतं, तिचा नवरा बोटीवर. सिस्टरने सहज विषय काढला आणि अण्णांनी पेटी उचलली. तिचं झालं, मग आक्षीची एक. सगळे त्यांना टपालवाले अण्णा म्हणू लागले. त्यावर ते आता सुधारून सांगायचे, "टपाल नाही. दूध आहे आईचं. जरा वाट द्या." भर गाडीत, खड्या आवाजात. मी एकदा त्या गाडीत होते. मला इतकं हसू आलं की मी खिडकीबाहेर तोंड केलं, आणि मग ते हसू राहिलं नाही.

जुईचा पहिला वाढदिवस जवळ आला होता. अण्णा दुपारी अलिबागहून परत आले, पेटी ओट्यावर ठेवली आणि आईंना म्हणाले, जरा पाणी दे, छातीत कसंतरी होतंय. पाणी आणेपर्यंत ते ओट्यावर आडवे झाले होते. गाडी आली, डॉक्टर आले. पण अण्णांना कुणाची वाट बघायची सवयच नव्हती.

नवरा मुंबईहून निघाला होता, तो येईपर्यंत थांबायचं होतं. ओट्यावर अण्णा, आजूबाजूला माणसं, आई त्यांच्या डोक्याशी. मी आतल्या खोलीत, कमळाकाकी आणि आणखी दोघी-तिघी जवळ. जुई भुकेने रडायला लागली. मी तिला घेतलं आणि पदर सारला, तशी कमळाकाकींनी माझं मनगट धरलं. "अशी रडत असताना पाजू नको गं. दुःखाचं दूध बाधतं लेकराला. आधी पिळून टाक, मग पाज." दुसरी वाटी घेऊनच आली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या आयांनी त्यांना तेच शिकवलं होतं.

"मी टाकणार नाही," मी म्हटलं.

"अगं, चार धारा तर टाकायच्या."

"एक थेंब टाकणार नाही."

माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरची कुजबुज थांबली. जुई हमसून हमसून रडत होती आणि कमळाकाकींनी माझं मनगट सोडलेलं नव्हतं. तेवढ्यात ओट्यावरून आईंचा आवाज आला.

"कमळे, सोड तिला. पिऊ दे पोरीला. ह्यांनी आणलेलं आहे ते."